नॉटिलसच्या खिडकीतून कॅप्टन नेमो

शाळकरी वयात वाचलेली काही पुस्तके मोठेपणी पुन्हा हाती घेतली, की ती निराळीच वाटू लागतात. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ‘ट्वेन्टी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या इंग्रजी नावाने जगभर गाजलेली कादंबरी त्यांपैकी एक. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या आणि त्यांच्या बोटाला धरून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या त्याच्या जगात हिंडून आल्या. त्या वयात या कादंबरीतले लक्षात राहते ते अचाट पाणबुडीचे वर्णन, महाकाय माखलीशी झालेली झुंज आणि बर्फाखाली कोंडले जाण्याचा थरार. पण ज्याच्यामुळे हे सारे घडते, तो कॅप्टन नेमो नेमका कोण? तो जमिनीवर पाऊल टाकायला का तयार नाही? त्याला नायक म्हणायचे की खलनायक? हे प्रश्न बहुधा मोठेपणीच पडतात.

गंमत अशी, की कादंबरी या प्रश्नांची उत्तरे संवादांतून फारशी देत नाही. नेमो स्वतःविषयी अगदी थोडे बोलतो. त्याची ओळख होते ती त्याच्या घरातून आणि तो पाहुण्यांना ज्या ज्या ठिकाणी घेऊन जातो, त्या स्थळांतून. साहसकथेत स्थळ म्हणजे केवळ मागचा पडदा, अशी समजूत असते. येथे मात्र स्थळ हीच पात्राची भाषा आहे.

नावातला गैरसमज

पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाच्या नियतकालिकात ही कादंबरी मार्च १८६९ ते जून १८७० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या नावाविषयीचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. वीस हजार लीग ही खोली नव्हे, पाण्याखालून कापलेले अंतर आहे. व्हर्नची लीग चार किलोमीटरची. म्हणजे हा प्रवास सुमारे ८० हजार किलोमीटरचा, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालण्याइतका झाला. मूळ फ्रेंच नावात ‘समुद्र’ हा शब्दही अनेकवचनी आहे. तेव्हा ही कथा एका समुद्राच्या तळाची नसून साऱ्या समुद्रांच्या भ्रमंतीची आहे.

या गैरसमजाला पहिले इंग्रजी भाषांतरही हातभार लावून गेले असावे. लुईस मर्सिए यांच्या भाषांतरात मूळ मजकुराचा मोठा भाग गाळलेला होता आणि चुकाही ढोबळ होत्या. नेब्रास्कातील ‘बॅडलँड्स’ हा ओसाड मुलूख त्यात नुसताच ‘अप्रिय’ प्रदेश झाला, तर पाणबुड्याचा पोशाख बुचाचे जाकीट झाला! पुढची अनेक वर्षे इंग्रजी वाचकांच्या हाती हीच संहिता होती. व्हर्न हा केवळ मुलांचा लेखक, या समजाचे एक मूळ अशा काटछाटीत आहे.

कथा थोडक्यात अशी. १८६६ पासून निरनिराळ्या समुद्रांत एक अजस्र, वेगवान वस्तू जहाजांना दिसू लागते. तो एखादा राक्षसी जलचर असावा, असे मानून त्याच्या शिकारीसाठी ‘अब्राहम लिंकन’ ही अमेरिकन युद्धनौका निघते. तिच्यावर पॅरिसच्या संग्रहालयातील प्राध्यापक आरोनाक्स, त्यांचा सेवक कॉन्सेय आणि कॅनडातील हार्पूनबाज नेड लँड हे तिघे असतात. टकरीत तिघे समुद्रात पडतात आणि तो ‘प्राणी’ पोलादी पाणबुडी असल्याचे त्यांना कळते. तिचा स्वामी कॅप्टन नेमो त्यांना जीवदान देतो, पण एका अटीवर. नॉटिलसचे रहस्य कळलेल्या माणसाला पुन्हा जमिनीवर जाता येणार नाही.

घर सांगते ते

एखाद्याच्या घरात शिरल्यावर भिंतीवरच्या तसबिरी आणि कपाटातली पुस्तके पाहून आपण यजमानाविषयी अंदाज बांधतो. आरोनाक्सही तेच करतात. नॉटिलसच्या ग्रंथालयात १२ हजार ग्रंथ आहेत. विज्ञान, तत्त्वज्ञान, साहित्य सारे आहे. राजकीय अर्थशास्त्रावरचे मात्र एकही पुस्तक नाही. पाणबुडीने पहिली बुडी मारली त्या दिवशी शेवटची पुस्तके आणि शेवटची वृत्तपत्रे विकत घेतली, त्यानंतर मानवजातीने काही विचार केला नाही वा लिहिले नाही असे आपण धरून चाललो आहोत, असे नेमो सांगतो. या एका तपशिलात त्याची जखम आणि त्याचा अहंकार दोन्ही दिसतात. ज्याला माणसांशी खरोखर काही देणेघेणे उरलेले नाही, तो त्यांची १२ हजार पुस्तके आणि थोर चित्रकारांची चित्रे सोबत कशाला नेईल? मोझार्ट-बेथोव्हेनच्या स्वरलिपी जपून कशाला ठेवील?

बाकी सारे समुद्राचे. जेवण समुद्रातले, वस्त्रे शिंपल्यांच्या तंतूंची, शाई माखलीची, चिरूटसुद्धा सागरी वनस्पतीचा. वीज निर्माण करण्यासाठी लागणारे सोडियम खाऱ्या पाण्यातून काढलेले. फ्रान्सने १८६३ मध्ये ‘प्लाँजर’ नावाची पाणबुडी पाण्यात सोडली होती. ती दाबलेल्या हवेवर चालत असे. व्हर्नने त्यापुढे झेप घेऊन ७० मीटर लांबीची, सर्वस्वी विजेवर चालणारी पाणबुडी कल्पिली. मात्र ही झेप केवळ तांत्रिक नव्हे. जमिनीवरच्या कोणत्याही सत्तेकडे कोळसा, धान्य वा परवाना मागण्याची पाळी येऊ नये, ही नेमोची गरज त्या यंत्रामागे आहे. नॉटिलस म्हणजे एका माणसाचे सार्वभौम राष्ट्र होय. त्याला बोधवाक्य आहे, ध्वज आहे, स्वतःची भाषा आहे. नाही तो फक्त शेजारी.

या घराला एक मोठी खिडकी आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवरील पोलादी झडपा सरकल्या, की जाड काचेपलीकडे समुद्र उजळून निघतो. आरोनाक्स तासन् तास तेथे खिळून राहतात. पण झडपा केव्हा उघडायच्या आणि केव्हा मिटायच्या, हे नेमो ठरवतो. एका प्रसंगी तर पाहुण्यांना कोठडीत बंद करून, जेवणातून गुंगीचे औषध देऊन झोपवले जाते. जागे झाल्यावर एक खलाशी मरणाच्या दारी असल्याचे दिसते. रात्री काय घडले, ते ना त्यांना कळते ना वाचकाला. कथेचा निवेदक आरोनाक्स असल्यामुळे वाचकही त्याच काचेमागे बसलेला आहे, ही जाणीव ठेवली तर कादंबरीची वीण स्पष्ट होते.

एकाच तुरुंगातले तिघे

एकच जागा तीन माणसांना तीन प्रकारे दिसते, हे व्हर्नने फार सोप्या रीतीने दाखवले आहे. आरोनाक्सना नॉटिलस म्हणजे पुस्तकांतून अर्धवट कळलेला समुद्र प्रत्यक्ष पाहण्याची अपूर्व संधी वाटते. कॉन्सेय या नावाचा अर्थ ‘सल्ला’, पण न विचारता तो कधी सल्ला देत नाही. प्रत्येक प्राण्याचा वर्ग, गण, कुळ घडाघडा सांगणाऱ्या या सेवकाला प्रत्यक्ष प्राणी समोर आला तर ओळखता येत नाही. नेड लँड याच्या तर आडनावातच जमीन आहे. त्याला मांस हवे, आकाश हवे आणि पहिली संधी मिळताच पळून जायचे आहे.

लहानपणी नेड हा विनोदी, तापट गडी वाटतो. पुन्हा वाचताना मात्र कळते, की तुरुंगाला तुरुंग म्हणणारा तिघांत तो एकटाच आहे. प्राध्यापकमहाशय ज्ञानाच्या मोहात सुटकेचा विषय पुढे ढकलत राहतात. यजमान विद्वान आहे, उदार आहे, त्याचे ग्रंथालय देखणे आहे. मग दाराला कुलूप असले म्हणून काय बिघडले? सुसंस्कृत माणसाची ही पळवाट व्हर्नने टीका न करता, आरोनाक्सच्याच तोंडून उघडी पाडली आहे.

स्थळांची साक्ष

आता प्रवासाचा नकाशा पाहावा. श्रीलंकेजवळ मन्नारच्या आखातात एका गरीब मोती काढणाऱ्यावर शार्क झडप घालतो. नेमो खंजीर घेऊन पुढे होतो, त्या माणसाला वाचवतो आणि त्याच्या हाती मोत्यांची थैली देतो. मनुष्यजातीशी संबंध तोडलेल्याने हे का करावे, या प्रश्नावर तो म्हणतो, की हा माणूस पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपणही त्याच देशाचे राहू.

भूमध्य समुद्रात एक ग्रीक पाणबुड्या खिडकीशी येतो आणि नंतर सोन्याने भरलेली पेटी किनाऱ्याकडे रवाना होते. क्रीट बेटावर १८६६ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाला होता, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावे लागत नसे. पुढे स्पेनजवळ विगोच्या उपसागरात त्या सोन्याचा उगम कळतो. १७०२ च्या लढाईत तेथे बुडालेल्या जहाजांतील अमेरिकेतून आणलेला खजिना नेमो उचलत असतो. वसाहतींतून लुटलेले सोने तळातून काढून बंडखोरांच्या हाती पोचवणे, हा त्याचा न्याय आहे. त्याच्या खोलीतील तसबिरीही तेच सांगतात. पोलंडचा कोशुस्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, अमेरिकेचे वॉशिंग्टन व लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढून फासावर गेलेला जॉन ब्राऊन. ही भिंत म्हणजे नेमोचे न लिहिलेले आत्मचरित्रच आहे.

एका खलाशाचे दफन पोवळ्यांच्या वनात होते. शार्कपासून आणि माणसांपासूनही सुरक्षित अशी ही विश्रांतीची जागा, असे नेमो म्हणतो. बहामाजवळच्या झुंजीत माखलीच्या विळख्यात सापडलेला दुसरा खलाशी मात्र नॉटिलसची खासगी भाषा विसरून फ्रेंचमध्ये मदतीची हाक मारतो. मरणाच्या क्षणी मातृभाषा तोंडात येते, देश पुसता येत नाही, हे एका ओळीत सांगणारा हा प्रसंग आहे.

स्थळे नेमोच्या बाजूनेच साक्ष देतात असे नाही. दक्षिण समुद्रात नेड देवमाशांच्या शिकारीची परवानगी मागतो, तेव्हा निरुपद्रवी जीवांची कत्तल हा खुनशी खेळ आहे, असे नेमो त्याला सुनावतो. आणि लगेच त्या देवमाशांवर चालून येणाऱ्या स्पर्म व्हेलच्या कळपात नॉटिलस घालून पाणी रक्ताने लाल करतो. कारण काय, तर ते क्रूर आहेत. कोण निरुपद्रवी आणि कोण क्रूर, याचा निवाडा तोच करणार! दक्षिण ध्रुवावर २१ मार्च १८६८ रोजी तो स्वतःचे आद्याक्षर असलेला काळा ध्वज रोवतो. (व्हर्नने ध्रुवाजवळ खुला समुद्र कल्पिला होता. प्रत्यक्षात तो बिंदू समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंच हिमपठारावर आहे आणि तेथे पहिले पाऊल पडले ते १९११ मध्ये, रोआल्ड आमुंडसेन यांच्या तुकडीचे.) राष्ट्रांच्या साम्राज्यलालसेचा तिटकारा असलेला हा माणूस जमीन दिसताच साम्राज्याचीच खूण करतो.

शेवटची साक्ष सर्वांत जड आहे. अटलांटिकच्या तळाशी नेमो पाहुण्यांना ‘व्हँजर’ या फ्रेंच क्रांतिकाळातील जहाजाचे अवशेष दाखवतो. १७९४ मध्ये इंग्रजांशी लढताना ते बुडाले होते. पाठोपाठ पृष्ठभागावर निशाण नसलेली एक युद्धनौका येते. आपण पीडित आहोत, हा पीडक आहे, आपणच कायदा आणि आपणच न्याय, अशा आवेशात नेमो तिला खालून भोसकतो. झडपा उघड्या असतात. शेकडो माणसे बुडताना आरोनाक्स काचेतून पाहतात. ज्या खिडकीने आजवर सौंदर्य दाखवले, तीच आता गुन्ह्याची साक्षीदार होते. नंतर नेमो एक स्त्री व दोन मुले यांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून हुंदके देतो. येथून आरोनाक्सना राहवत नाही. तिघे पळ काढतात आणि नॉर्वेजवळच्या भोवऱ्यात नॉटिलस दिसेनाशी होते.

पोलंडचा की बुंदेलखंडचा?

त्या नौकेवर निशाण का नव्हते, यामागे एक प्रकाशनकथा आहे. व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश सरदार होता. पोलंडचा १८६३ चा उठाव रशियाने निर्दयपणे चिरडला. त्यात कुटुंब गमावलेला हा माणूस रशियाच्या नौकेवर सूड उगवतो, अशी त्याची कल्पना होती. एत्झेलने आक्षेप घेतला. रशियाशी फ्रान्सचे संबंध बिघडू नयेत आणि रशियातील पुस्तकविक्री बुडू नये, ही त्याची चिंता. दोघांचा पत्रव्यवहार बराच तापला. अखेर लेखकाने नेमोचा देशच पुसून टाकला. लॅटिनमध्ये ‘नेमो’ म्हणजे ‘कोणीही नाही’. होमरच्या महाकाव्यात ओडिसियसही एकाक्ष राक्षसाला आपले नाव हेच सांगतो. प्रकाशकाच्या अडवणुकीतून असा एक नायक निपजला, की कोणत्याही पराभूत देशाने त्याला आपला म्हणावे.

पुढे १८७४-७५ मध्ये आलेल्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये व्हर्नने उत्तर दिले. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या, राजपुत्र डक्कर. युरोपात शिकून तो १८४९ मध्ये परततो, १८५७ च्या उठावात लढतो, बायकामुले गमावतो आणि अखेर समुद्राचा आश्रय घेतो. इतिहासाच्या कसोटीवर ही वंशावळ टिकत नाही. बुंदेलखंडचे राजे आणि म्हैसूरचा टिपू यांचे नाते नव्हते; टिपू १७९९ मध्येच श्रीरंगपट्टणला धारातीर्थी पडला होता. दोन्ही कादंबऱ्यांतील सनावळ्याही एकमेकींशी जुळत नाहीत. मात्र मन्नारच्या आखातातले ते वाक्य आता निराळे ऐकू येते. ‘पीडितांचा देश’ हे तेथे रूपक होते. आता त्या देशाला नकाशावर जागा मिळाली.

भारतीय वाचकाने येथे सावध राहावे. मरणासन्न नेमोला अमेरिकन अभियंता सायरस स्मिथ सांगतो, की तुमची चूक झाली ती भूतकाळ पुन्हा आणता येईल असे मानण्यात. तुम्ही आवश्यक अशा प्रगतीविरुद्ध लढलात. इंग्रजी राजवटीला ‘आवश्यक प्रगती’ ठरवणारा हा निवाडा एकोणिसाव्या शतकातील युरोपचा आहे. व्हर्नची सहानुभूती खरी, तशीच तिची मर्यादाही खरी. १८८० मधील ‘स्टीम हाउस’ ही त्याची कादंबरी भारतातच घडते. तीत सत्तावनच्या उठावानंतरही जिवंत राहून नव्या बंडाची जुळवाजुळव करणारे नानासाहेब पेशवे आहेत, ते मात्र सूडाने पेटलेल्या खलनायकाच्या रूपात. एकाच उठावातून लेखकाने एक काल्पनिक राजपुत्र नायक म्हणून उचलला आणि खरा नेता खलपुरुष म्हणून. काल्पनिक बंडखोरावर प्रेम करणे सोपे असते, हे त्यावरून लक्षात येते.

आजचे वाचन

नॉटिलसचे नाव पुढे खऱ्या पाणबुडीला मिळाले. अणुशक्तीवर चालणारी जगातील पहिली पाणबुडी अमेरिकेने १९५४ मध्ये सेवेत घेतली, तिचे नाव ‘नॉटिलस’. १९५८ मध्ये ती उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. पडद्यावर मात्र नेमोला भारतीय चेहरा मिळायला वेळ लागला. १९५४ च्या डिस्नेपटात ही भूमिका जेम्स मेसन या इंग्रज नटाने केली. २००३ च्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’मध्ये ती नसीरुद्दीन शाह यांच्याकडे आली.

व्हर्नच्या यंत्रांचे नावीन्य कधीच ओसरले आहे. पाणबुड्या जुन्या झाल्या, ध्रुवांचे नकाशे पूर्ण झाले. जुना झालेला नाही तो नेमोपुढचा पेच. अन्याय सोसलेल्या माणसाला किती सूड क्षम्य आहे? कोणत्या क्षणी पीडित स्वतः पीडक होतो? आणि हे सारे उबदार दिवाणखान्यातून, जाड काचेमागून पाहणाऱ्या विद्वानाची जबाबदारी कोणती? व्हर्नने उत्तर दिले नाही; तो वाचकाला एका स्थळावरून दुसऱ्या स्थळी नेत राहिला. पुस्तक मुलांच्या हाती जरूर द्यावे. त्यांचे वाचून झाले, की घरातल्या मोठ्यांनी ते पुन्हा उघडावे आणि या वेळी माखलीपेक्षा भिंतीवरच्या तसबिरींकडे थोडे अधिक लक्ष द्यावे.